शेतकरी अतिउजव्या राजकारणात जातो कसा? फिनलंडच्या विहतोरी कोसोलाची गोष्ट

गेली काही वर्षं युरोपातून ट्रॅक्टरच्या बातम्या सारख्या येतायत. २०२४ च्या जानेवारीत बर्लिनमध्ये हजारो ट्रॅक्टर रस्त्यावर उतरले, मग फ्रान्स, मग ब्रसेल्स. मागण्या साध्या होत्या, डिझेलवरची सवलत काढू नका, बाहेरचा स्वस्त माल थांबवा, कागदपत्रांचा जाच कमी करा. आणि जवळपास प्रत्येक बातमीत खाली कुठेतरी एक ओळ असतेच, की अतिउजवे पक्ष या गर्दीत शिरायचा प्रयत्न करतायत. इथे बरेच जण गोंधळतात. भाव आणि कर्ज यांच्यासाठी भांडणारा माणूस एकदम वंश, धर्म, देशद्रोही असल्या भाषेपर्यंत कसा पोचतो, मधे नेमकं काय होतं?

हे समजून घ्यायला मला आजच्या नेत्यांपेक्षा नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचा एक माणूस जास्त उपयोगी वाटतो, कारण त्याची गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत पूर्ण झालेली आहे आणि सगळी कागदपत्रं उघडी आहेत. त्याचं नाव विहतोरी कोसोला. फिनलंडच्या एका प्रांतातला शेतकरी, जो १९३० मध्ये इतका मोठा झाला की देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान त्याचं भाषण ऐकायला चौकात येऊन उभे राहिले, आणि सहा वर्षांनी गेला तेव्हा त्याच्या पक्षाचं अध्यक्षपदसुद्धा त्याच्याकडे उरलं नव्हतं.

## आधी 'अतिउजवे' म्हणजे काय ते बघू

उजवे म्हणजे ढोबळमानाने परंपरा, धर्म, खाजगी मालमत्ता यांना मानणारे. त्यात वावगं काही नाही, लोकशाहीत असे पक्ष असतातच आणि असायलाच हवेत. अतिउजवे म्हणजे जे त्यापुढे जाऊन म्हणतात की खरी जनता एकच आहे आणि ती म्हणजे आम्ही, बाकीचे देशाचे शत्रू, आणि त्या शत्रूंना निवडणूक, कोर्ट, संसद यांचं संरक्षण मिळता कामा नये. फरक मागणीत नाही, विरोधकाला जागा द्यायची की नाही यात आहे. या लेखात तो शब्द मी एवढ्याच अर्थाने वापरतोय.

## लापुआचा शेतकरी

फिनलंडच्या पश्चिमेला, समुद्राजवळ दक्षिण ओस्ट्रोबोथनिया नावाचा सपाट प्रांत आहे आणि त्यात लापुआ नावाचं गाव. इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या जमिनीचा मालक होता. देशाच्या दक्षिण भागात खंडाने जमीन कसणारी हजारो कुटुंबं होती, पण इथे आपली जमीन, आपलं जंगल, आपलं दोन मजली लाकडी घर आणि त्याचा प्रचंड अभिमान. शिवाय हा भाग धार्मिक, लुथेरन चर्चमधली एक कडक भक्तिचळवळ इथे घराघरात होती.

कोसोला १८८४ मध्ये याच प्रांतात युलिहार्मा इथे जन्मला आणि लापुआत शेती करत मोठा झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता. पहिल्या महायुद्धात काही फिनिश तरुण लपूनछपून जर्मनीला जाऊन लष्करी शिक्षण घ्यायचे, म्हणजे परत येऊन रशियाविरुद्ध लढता येईल. त्यांच्या वाटेवरचा एक थांबा कोसोलाचं घर होतं. १९१६ मध्ये त्याला पकडलं आणि रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडच्या श्पालेरनाया तुरुंगात टाकलं. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीत झार गेला, तुरुंग उघडले आणि हा घरी आला, पण आता नुसता शेतकरी म्हणून नाही, देशासाठी तुरुंगात गेलेला माणूस म्हणून.

हे मी मुद्दाम सांगतोय. अशा नेत्यांबद्दल बोलताना आपण त्यांना सुरुवातीपासून खलनायक करून टाकतो आणि मग लोक त्यांच्यामागे का गेले ते कळतच नाही. लापुआच्या लोकांनी एका धाडसी, जोखीम घेतलेल्या शेजाऱ्याला मानलं होतं, आणि तो मान त्याने कमावलेला होता.

१९१७ च्या डिसेंबरमध्ये फिनलंड स्वतंत्र झालं आणि दीड महिन्यात यादवी युद्ध सुरू झालं. एका बाजूला 'लाल', म्हणजे कामगार आणि भूमिहीन, दुसऱ्या बाजूला 'पांढरे', म्हणजे सरकार, मध्यमवर्ग आणि ओस्ट्रोबोथनियाचे हे शेतकरी. १९१८ च्या जानेवारी ते मे असं चाललेल्या या युद्धापायी ३५ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली कितीतरी लढाईत नाही तर नंतरच्या गोळीबारात आणि कैद्यांच्या छावण्यांत भूक आणि रोगराईने. पांढरे जिंकले. सरकारला राजधानीतून पळून जिथे आसरा मिळाला ते वासा शहर याच ओस्ट्रोबोथनियातलं. त्यामुळे इथल्या माणसाच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की हा देश आम्ही वाचवला. पुढचं सगळं याच भावनेवर उभं राहिलं.

## खिशाला चटका कुठे बसला

१९२० च्या दशकात तसं बरं चाललं होतं. जमीनसुधारणेचे कायदे झाले, खंडकरी मालक झाले, लाकूड आणि कागद परदेशात जात होता. फिनिश शेतकऱ्याचं जंगल म्हणजे त्याची बँकेतली एफडीच होती, मुलीचं लग्न असो की नवी यंत्रं घ्यायची असोत, थोडी झाडं विकायची की काम झालं. या भरवशावर लोकांनी कर्जं काढली. एकमेकांना जामीन राहिले, कारण शेजाऱ्याला नाही म्हणायचं नसतं.

मग १९२८ ला पीक बुडालं, त्याच सुमाराला लाकडाचे भाव पडायला लागले, आणि १९२९ नंतर जगभरची मंदी आली. सरकारने चलन सोन्याला बांधून ठेवलं होतं, म्हणजे नोटेची किंमत सोन्यात ठरलेली, ती सांभाळायची तर व्याजदर चढे ठेवावे लागतात, ते ऑक्टोबर १९३१ पर्यंत तसंच चाललं. माल स्वस्त झाला आणि कर्ज तेवढंच राहिलं, किंबहुना जड झालं. एकाचं शेत लिलावात निघालं की जामीन राहिलेल्या दुसऱ्याच्या दारात बँक यायची, म्हणजे ज्याने स्वतः एक पैसा उधळला नव्हता तोही बुडायचा. हजारो शेतांचे सक्तीचे लिलाव झाले.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. बँक, व्याजदर, लंडनमधला लाकडाचा भाव, यांच्यावर रागवायचं कसं? ते दिसत नाहीत. दिसतो कोण, तर गावातला लाल माणूस, ज्याने १९१८ मध्ये तुमच्यावर बंदूक रोखली होती आणि आता लाकडाच्या गोदीवर संप करून तुमचं लाकूड अडवतोय. कोसोला १९२० च्या दशकात संप मोडण्यासाठी माणसं पुरवणाऱ्या 'निर्यात शांतता' नावाच्या संघटनेसाठी ओस्ट्रोबोथनियात माणसं गोळा करायचा. म्हणजे शेतकऱ्याचा राग कुणाकडे वळवायचा याची सवय आणि माणसांची यादी, दोन्ही त्याच्याकडे आधीच होतं.

## लाल शर्टांची ती रात्र

१९२९ च्या नोव्हेंबरमध्ये कम्युनिस्ट तरुणांनी लापुआतल्या कामगार भवनात मेळावा ठेवला. कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती, १९१८ ला तो मॉस्कोतच स्थापन झालेला, पण दुसऱ्या नावाच्या आघाडीतून त्यांचे लोक निवडणूक लढायचे आणि १९२९ मध्ये २०० पैकी २३ जागा त्यांच्याकडे होत्या. पोरं लाल शर्ट घालून आली. देवाधर्माची थट्टा चाललीय अशी गावात बोंब झाली. गावकरी घुसले, अंगावरचे शर्ट फाडले, मेळावा उधळला.

इथपर्यंत ही एका गावातली मारामारी होती. पण काही दिवसांतच, १ डिसेंबरला लापुआत मोठी सभा झाली आणि त्यातून चळवळ उभी राहिली, तिला गावाचंच नाव पडलं, लापुआ चळवळ. कोसोला तिचा चेहरा झाला. उंचापुरा, खड्या आवाजाचा, शेतकऱ्यासारखाच बोलणारा. पुढे त्याला 'फिनलंडचा मुसोलिनी' म्हणायला लागले आणि त्याला ते आवडायचंही.

चळवळ कुणाची होती यावर आजही वाद होतो. गर्दी शेतकऱ्यांची होती हे खरं. पण पैसा कारखानदार आणि व्यापाऱ्यांकडूनही यायचा, सल्ला माजी लष्करी अधिकाऱ्यांचा असायचा, आशीर्वाद पाद्र्यांचा असायचा. लापुआचा पाद्री कारेस पुढे याच गटाचा खासदार झाला. कोसोलाचं शेतकरी असणं या सगळ्यांना फार सोयीचं होतं, कारण मागणी कारखानदाराने केली तर स्वार्थ दिसतो आणि तीच शेतकऱ्याने केली की ती मातीची हाक होते.

## १९३० चा उन्हाळा

मार्च १९३० मध्ये वासा शहरातल्या एका डाव्या वर्तमानपत्राचा छापखाना फोडला. फोडणारे लपले नाहीत, आम्ही केलं म्हणून सह्या द्यायला माणसं पुढे आली. जूनमध्ये त्याचा खटला उभा राहिला तेव्हा वर्तमानपत्राच्या बाजूचा वकील आसर सालो याला कोर्टाच्या आवारातूनच उचलून गाडीत घातलं, लापुआला नेलं आणि पुन्हा या प्रांतात पाऊल ठेवणार नाही असं वदवून घेतलं. पोलीस होते. बघत राहिले.

हीच पद्धत झाली. रात्री गाडी यायची, दारातून माणूस उचलायचा, मारहाण करायची आणि पूर्वेला रशियाच्या सीमेपर्यंत नेऊन सोडायचं, तुला रशिया आवडतो ना मग जा तिकडे. त्या उन्हाळ्यात अशा दोनशेच्या वर घटना झाल्या. सीमा ओलांडायला लावलेल्यांपैकी कित्येकांवर तिकडे हेर म्हणून संशय घेतला गेला आणि स्टालिनच्या काळात ते संपले. हेइनावेसी नावाच्या खेड्यातला ओन्नी हाप्पोनेन हा तर कम्युनिस्टही नव्हता, सोशल डेमोक्रॅट, म्हणजे निवडणुकीच्या मार्गाने जाणारा मवाळ डावा, गावच्या कारभारात असलेला माणूस. १ सप्टेंबर १९३० ला त्याला उचललं आणि मारून टाकलं, प्रेत १९३२ मध्ये सापडलं. लापुआवाल्यांच्या आंदोलनाचं कौतुक करणारं जुनं काही वाचायला मिळालं की मला हा माणूस आठवतो. तो कुठल्या लाल सेनेचा नव्हता, त्याच देशातला एका छोट्या गावचा कार्यकर्ता होता.

५ जुलैला दोन डाव्या खासदारांना थेट संसदेच्या समितीच्या बैठकीतून उचललं. आणि ७ जुलैला शेतकरी मोर्चा. बारा हजारांहून जास्त माणसं हेलसिंकीत आली, सिनेट चौकात रांगा लावून उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष रेलांडर, तीन दिवसांपूर्वीच पंतप्रधान झालेले स्विनहुवुद आणि यादवी युद्धातले सेनापती मानरहाईम हजर होते. कोसोलाने भाषण केलं. दोन दिवसांपूर्वी खासदार पळवणाऱ्या चळवळीचा नेता, आणि त्याच्यासमोर देशाचं सर्वोच्च नेतृत्व.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. मंदी कोसोलाने आणली नव्हती, राग त्याने पेरला नव्हता, पण त्या दिवशी जे चौकात जाऊन उभे राहिले त्यांनी त्याला जे दिलं ते बारा हजार शेतकरी मिळूनही देऊ शकले नसते. त्यांना वाटत होतं की यांची ताकद वापरून कम्युनिस्टांवर कायदा करून घेऊ आणि मग हे घरी जातील.

## "पण मागणी तर कायद्याचीच होती ना?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो पूर्ण खोटा नाही. सोव्हिएत रशिया शेजारी होता, कम्युनिस्ट पक्ष खरोखर मॉस्कोहून चालायचा, भीतीला कारण होतं. कम्युनिस्टांना निवडणुकीपासून दूर ठेवणारे आणि प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी सरकारला जादा अधिकार देणारे कायदे संसदेतूनच मंजूर करून घ्यायचा प्रयत्न झाला. घटना बदलणारा कायदा लगेच लागू करायचा तर सहापैकी पाच इतकं मोठं बहुमत लागायचं, आणि निवडणुकीनंतर नव्या संसदेत दोन तृतीयांश, म्हणजे तिथे २०० पैकी ६७ जण विरोधात गेले की तो अडायचा. लगेच करायला तो अडला, म्हणून संसद बरखास्त करून ऑक्टोबर १९३० ला निवडणूक घेतली. सोशल डेमोक्रॅटांना ६६ जागा मिळाल्या. एक कमी. कायदे झाले.

पण ही निवडणूक कशी झाली ते बघा. कम्युनिस्ट आघाडीला उभंच राहू दिलं नाही, आणि महिनोन्‌महिने विरोधी कार्यकर्ते रात्रीबेरात्री उचलले जात होते. कायदा हवा म्हणणं आणि कायदा मिळेपर्यंत माणसं पळवणं, या दोन गोष्टी एकत्र चालू शकत नाहीत. आणि मुख्य म्हणजे मागणीचा रस्ता मोकळा झाल्यावर काय झालं?

## मागणीचा रस्ता मोकळा झाला, चळवळ थांबली नाही

निवडणुकीनंतर दोन आठवड्यांत, १४ ऑक्टोबरला, माजी राष्ट्राध्यक्ष स्टॉलबर्ग आणि त्यांच्या पत्नी एस्टर सकाळी फिरायला घराबाहेर पडले आणि त्यांना गाडीत कोंबलं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, राज्यघटना घडवणाऱ्यांतले प्रमुख, कायद्याचे पंडित. कम्युनिझमशी दूरचाही संबंध नाही. दोष एवढाच की कायदा सगळ्यांना सारखा असं ते म्हणायचे. त्यांना पूर्वेकडे योएन्सू शहरापर्यंत नेलं आणि तिथे सोडून दिलं. तपासात सैन्याच्या जनरल स्टाफचा प्रमुख वालेनियस याचं नाव आलं. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, वरच्या कोर्टात सुटला.

आत्तापर्यंत चळवळीकडे काणाडोळा करणारी बरीच मध्यममार्गी माणसं इथे हादरली. कारण शत्रू कोण हे ठरवायचा अधिकार एकदा गर्दीला दिला की व्याख्या सरकत राहते, आधी कम्युनिस्ट, मग सोशल डेमोक्रॅट, मग उदारमतवादी, मग आपल्याशी सहमत नसलेला कुणीही. तरी चळवळीचा दबाव संपला नव्हता. १९३१ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लापुआवाल्यांचे लाडके स्विनहुवुद निवडून आले, समोर तेच पळवून नेलेले स्टॉलबर्ग, आणि ३०० जणांच्या निर्वाचक मंडळात फरक १५१ विरुद्ध १४९ मतांचा.

## मँत्सॅला: जिथे सगळं उलटलं

२७ फेब्रुवारी १९३२. हेलसिंकीच्या उत्तरेला मँत्सॅला नावाच्या गावाजवळ सोशल डेमोक्रॅटांची सभा होती. सिव्हिल गार्ड म्हणजे यादवी युद्धापासून चालत आलेली स्वयंसेवकांची सशस्त्र संघटना, तिचे जवळपास चारशे लोक बंदुका घेऊन आले आणि गोळ्या झाडून सभा उधळली. मग घरी जायला नकार दिला. लापुआ चळवळीचे नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले, मागणी आली की सरकारने राजीनामा द्यावा. ठिकठिकाणाहून सशस्त्र माणसं गोळा व्हायला लागली. हे आता सरळ बंड होतं.

सरकारने सैन्य तयार ठेवलं, पण गोळी न झाडता काम झालं ते रेडिओवर. २ मार्चला स्विनहुवुद बोलले. आयुष्यभर कायद्यासाठी झगडलो, कायदा पायाखाली तुडवला जाताना बघणार नाही अशा आशयाचं त्यांचं म्हणणं होतं, आणि सोबत आश्वासन की साधी माणसं मुकाट्याने घरी गेली तर त्यांना शिक्षा नाही, जबाबदारी फक्त नेत्यांची. हे सोशल डेमोक्रॅट नेत्याने सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. पण हे सांगणारा त्यांचाच माणूस होता, १९१८ चा पांढऱ्यांचा म्होरक्या, ज्याला त्यांनीच राष्ट्राध्यक्ष करायला जोर लावला होता. काही दिवसांत माणसं पांगली.

आणि मग लापुआ चळवळीवर बंदी आली, तीही कुठल्या कायद्याने? प्रजासत्ताकाच्या रक्षणाच्या त्याच कायद्याने जो तिने कम्युनिस्टांसाठी मागितला होता. कोसोलाला अटक झाली. रशियाच्या झारने टाकलं होतं तेव्हा तो वीर होऊन बाहेर आला होता, यावेळी ज्या देशासाठी आपण तुरुंगात गेलो असं तो सांगायचा त्याच देशाने त्याला आत टाकलं.

## "म्हणजे शेतकरी मुळातच असा असतो का?"

अजिबात नाही, आणि याचा पुरावा त्याच देशात त्याच काळात आहे. ओस्ट्रोबोथनियाच्याच उत्तर भागात निवाला नावाचं गाव आहे, तिथला शेतकरी क्युऑस्ती काल्लिओ. तोही जमिनीचा मालक, तोही धार्मिक, तोही पांढऱ्यांच्या बाजूचा. पण त्याने शेतकऱ्यांच्या पक्षात राहून काम केलं. युद्ध संपल्यावर त्याचं म्हणणं होतं की हरलेल्यांना जमीन द्या, म्हणजे ते या देशाचे होतील. १९२२ चा जमीन कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो, भूमिहीनांना शेतजमीन मिळवून देणारा. १९३० च्या उन्हाळ्यात लापुआवाल्यांच्या दबावाखाली जे सरकार पडलं ते याचंच होतं. म्हणजे शेतकऱ्यांच्या नावाने चाललेल्या चळवळीने एका शेतकरी पंतप्रधानाला खाली खेचलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि निवालातही राग होताच की. १९३२ च्या उन्हाळ्यात तिथे एका शेतकऱ्याच्या घोड्याला संसर्गजन्य रोग आहे म्हणून तो मारायचा हुकूम निघाला. घोडा म्हणजे नांगर, गाडी, जंगलातून लाकूड ओढणं, सगळंच. शेजारीपाजारी जमले, अधिकाऱ्यांना घोडा मारू दिला नाही, प्रकरण इतकं वाढलं की बाहेरून पोलिसांची कुमक मागवावी लागली आणि नंतर लोक तुरुंगात गेले. फिनलंडमध्ये हे 'घोड्याचं बंड' म्हणून प्रसिद्ध आहे. तीच मंदी, तसेच शेतकरी, तसाच कायदा मोडणं. पण इथे कुणी शेजाऱ्याला देशद्रोही ठरवलं नाही, भांडण कर्ज, लिलाव आणि अधिकाऱ्यांच्या मुजोरीशी होतं. गरिबी माणसाला रस्त्यावर आणते एवढंच खरं, रस्त्यावर आल्यावर तो कुणाच्या दारावर जातो हे तिथे आधीपासून कोण उभं आहे त्यावर ठरतं.

## "कोसोला बिचारा मोठ्यांच्या हातातलं प्यादं होता"

काही फिनिश लोक असंही म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. मोठ्यांनी त्याला वापरलं हे खरंच आहे, पण त्यानेही त्यांना वापरलं, आणि गाड्या रात्री कुणाच्या दारात जातायत हे त्याला माहीत नव्हतं असं मानायला जागा नाही.

बंदीनंतर जून १९३२ मध्ये नवा पक्ष निघाला, देशभक्तीपर जनचळवळ, फिनिश आद्याक्षरांवरून आयकेएल. काळा शर्ट, निळा टाय. कोसोला अध्यक्ष. १९३३ च्या निवडणुकीत पारंपरिक उजव्या पक्षाशी, म्हणजे नॅशनल कोअलिशनशी युती करून त्यांचे १४ खासदार आले. पण कोसोला त्यात नव्हता, तो कधीच खासदार झाला नाही. त्याची खरी ताकद आपल्या प्रांतात होती, गावच्या मैदानात, गर्दीसमोर. संसदेत रोज बसून कलमांवर वाद घालणं हे प्राध्यापक आणि वकिलांकडे गेलं आणि चळवळीचा शेतकरी चेहरा हळूहळू भिंतीवरच्या फोटोसारखा झाला. १९३६ मध्ये अध्यक्षपदही गेलं, त्याच्या जागी विल्हो अन्नाला आला. मधल्या वर्षांत राजकारणापायी शेतीकडे दुर्लक्ष झालं होतं, पैशाची ओढाताण होती, दारूही होती. डिसेंबर १९३६ मध्ये न्यूमोनियाने तो गेला, वय ५२. दोनच महिन्यांनी, १९३७ मध्ये काल्लिओ देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

## "आजच्या ट्रॅक्टरवाल्यांना याच्याशी का जोडताय?"

सरसकट जोडत नाहीये. मागण्यांसाठी रस्ता अडवणारा शेतकरी आणि माणसं उचलणारी टोळी या वेगळ्या गोष्टी आहेत. फिनलंडमध्येच १९५९ मध्ये वेइक्को वेन्नामोने छोट्या शेतकऱ्यांचा एक पक्ष काढला, भरपूर आक्रस्ताळा, प्रस्थापितांना शिव्या घालणारा, १९७० मध्ये त्याचे १८ खासदार आले, पण तो निवडणुकीच्या चौकटीत राहिला आणि पुढे सरकारातही गेला. त्याच्याच अवशेषांतून १९९५ मध्ये आजचा फिन्स पक्ष निघाला, ज्याचा सूर शेतीपेक्षा स्थलांतरितांकडे वळलेला आहे आणि जो २०२३ पासून सत्तेत भागीदार आहे. म्हणजे ग्रामीण असंतोषाची एकच वाट नसते, आणि पक्षही काळानुसार सरकतात.

जोडणारा धागा दुसरीकडे आहे. १९३४ मध्ये पासिकिवी नॅशनल कोअलिशनचा अध्यक्ष झाला आणि त्याने आपल्या पक्षाला आयकेएलपासून तोडलं. उजवाच माणूस, बँकर, कम्युनिस्टांचा विरोधक. आपली मतं जातील हे दिसत असून तोडलं. १९३७ मध्ये शेतकरी पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट, म्हणजे १९१८ चे दोन शत्रू, एकत्र सरकारात बसले, शेतमालाला आधार आणि कामगारांना सवलती यांची देवाणघेवाण झाली. तोवर लाकडाचे भावही सुधारले होते. १९३९ मध्ये आयकेएल १४ वरून ८ वर आलं. आजच्या बातम्यांत मी म्हणूनच ट्रॅक्टर किती आले यापेक्षा मोठे उजवे पक्ष कुणाशी युती करतायत आणि शेतकऱ्याच्या कर्जाचं उत्तर दुसरं कुणी देतंय का, हे आधी शोधतो.

## "मग बंदी घालून टाकायची ना सरळ"

लापुआ चळवळीवरची बंदी लागू पडली कारण तिने हातात शस्त्र घेतलं होतं आणि तिचेच लोक तिच्यापासून दूर झाले होते. पण १९३८ मध्ये गृहमंत्री केक्कोनेनने आयकेएल बंद करायचा प्रयत्न केला तेव्हा कोर्टाने तो मान्य केला नाही, पक्ष चालू राहिला. शेवटी १९४४ मध्ये युद्ध हरल्यावर सोव्हिएत रशियाशी झालेल्या युद्धबंदी कराराने तो विसर्जित झाला. त्याच करारामुळे कम्युनिस्ट पुन्हा कायदेशीर झाले. पंधराएक वर्षं निवडणुकीपासून दूर ठेवल्यानंतर, पळवापळवी, तुरुंग, सगळं होऊनही, १९४५ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ४९ जागा मिळाल्या, १९२९ च्या दुपटीहून जास्त.